निधुलु कुठं गेले? तेलंगणानं विचारलेला प्रश्न आता आदिलाबादनं विचारायचा

नीळ्ळु, निधुलु, नियामकालु. पाणी, पैसा, नोकऱ्या. या तीन शब्दांवर तेलंगणाची चळवळ उभी राहिली आणि २ जून २०१४ ला राज्य मिळालं. मला आज मधल्या शब्दाबद्दल बोलायचंय. निधुलु. म्हणजे पैसा.

१९ मार्च २०२५ ला अर्थमंत्री भट्टी विक्रमार्क यांनी २०२५-२६ चं बजेट मांडलं. एकूण ३,०४,९६५ कोटी. त्यात शिक्षणाला २३,१०८ कोटी, पाटबंधाऱ्यांना २३,३७३ कोटी. आकडे ऐकून डोळे फिरतात. आता त्यात आपला जिल्हा शोधा. बेला शोधा, जैनद शोधा, तांसी शोधा. मी शोधत बसलो होतो. एकही खातं असं नाही की ज्याच्या पुढे "आदिलाबादला एवढे" असं लिहिलेलं एका नजरेत सापडेल.

हे असं काऊन, ते समजून घ्या. घटनेच्या कलम २०२ प्रमाणे सरकार दरवर्षी जमाखर्चाचं पत्रक विधानसभेपुढे ठेवतं. कलम २०३ प्रमाणे आमदार खर्चाच्या मागण्यांवर मतं देतात. पण या मागण्या खात्यांच्या नावानं असतात, जिल्ह्यांच्या नावानं नसतात. शिक्षणाची मागणी मंजूर झाली, आता ती कोणत्या जिल्ह्यात किती जिरणार, हे नंतर खात्यात, सचिवालयात, एकेका जीओतून आणि पैसे सोडायच्या आदेशातून ठरतं. त्या वेळी ना सभागृह बसलेलं असतं, ना पत्रकार. ज्याची ओळख तिथवर पोचते त्याचं काम होतं. हैदराबादपासून तीनशे किलोमीटरवरच्या सरहद्दीवरचा माणूस तिथं कधी पोचणार?

कोणी म्हणेल, जिल्ह्याजिल्ह्याचा हिशेब मागणं म्हणजे संकुचितपणा. मग तेलंगणानं काय मागितलं होतं? २० फेब्रुवारी १९५६ चा 'जंटलमेन्स अ‍ॅग्रीमेंट' काढून वाचा. तेलंगणाच्या महसुलातून जे उरेल ते तेलंगणाच्याच विकासासाठी राखून ठेवायचं, हे त्यात लिहिलं होतं. ते पाळलं गेलं नाही म्हणून १९६९ मध्ये आग पेटली. मग कुमार ललित समिती बसली. तिनं हिशेब केला आणि सुमारे ३४ कोटींची शिल्लक काढली. पुढे न्यायमूर्ती भार्गव समितीनं तो आकडा सुमारे २८ कोटींवर आणला. आकड्यावर वाद झाला, पण तेलंगणाचं देणं निघतं हे दोघांच्याही हिशेबात आलं. म्हणजे हे राज्यच प्रदेशवार हिशेबाच्या मागणीतून जन्माला आलंय. तोच हिशेब आदिलाबादनं मागितला तर तो गुन्हा कसा?

आता आपल्या जखमेवर बोट ठेवतो. मराठी शाळा.

खात्यांचं बजेट बनतं तेव्हा एक कागद असतो, त्याला नंबर स्टेटमेंट म्हणतात. मंजूर पदं किती, भरलेली किती, पगाराला किती लागतील. वरवर रुक्ष वाटणारा हा कागद शाळा जगवतो आणि मारतोही. मराठी शिक्षक रिटायर होतो. जागा रिकामी राहते. शिकवायलाच कोणी नाही म्हटल्यावर आईबाप पोरांना काढून इंग्रजी शाळेत घालतात. पट घसरतो. मग रॅशनलायझेशन येतं, पट कमी म्हणून पद दुसरीकडे जातं. पुढच्या वर्षीच्या बजेटात त्या पदाची मागणीच नसते. मराठी शाळा बंद करा असा हुकूम कुठेच निघत नाही. काम मात्र होऊन जातं. आणि मग तेच साहेब आपल्याला सांगतात, "तुमचेच लोक पोरं पाठवत नाहीत."

कलम ३५० अ सांगतं की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून राज्यानं पुरेशा सोयी कराव्यात. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं हे कलम आलं, म्हणजे ज्या वर्षी आपल्या जिल्ह्याचे तुकडे झाले त्याच वर्षी. राजुरा आणि किनवट तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. २०१८ च्या कायद्यानं पहिली ते दहावी तेलुगू सक्तीची झाली. त्याला माझा विरोध नाही. तेलुगू शिकलीच पाहिजे, आपण बाजारात रोज बोलतोच. पण सक्तीला कायदा मिळतो आणि सोयीला पद मिळत नाही, हे कसं चालेल? बजेटात अल्पसंख्याक कल्याणाचं खातं आहे, पण ते धार्मिक अल्पसंख्याकांसाठी. भाषिक अल्पसंख्याकाला राज्यघटनेत जागा आहे, हिशेबाच्या वहीत नाही.

पाण्याचंही तेच. पैनगंगेवरच्या चनाखा-कोरटा बॅरेजचा करार दोन्ही राज्यांनी २३ ऑगस्ट २०१६ ला मुंबईत केला. फोटो निघाले, हारतुरे झाले. भिंत उभी राहिली, पण कालवे आणि भूसंपादन मागे पडलं. भिंतीचं उद्घाटन होतं, पोटकालव्याचं कोण करणार?

आणि जरा केरामेरी-जिवतीकडे बघा. तिथल्या वादातल्या चौदा गावांत दोन्ही राज्यांची रेशनकार्डं, दोन्हीकडची मतदार यादी, दोन्हीकडच्या शाळा. जमिनीचे कागद मात्र अजून लोंबकळत. यातून मी एकच धडा घेतो. सरकारला जिथं हक्क सांगायचा असतो तिथं पैसा धावत जातो. आपण हक्काचे झालो, म्हणून आपल्याला विसरले.

महाराष्ट्राचे गोडवे मी गाणार नाही. तिथंही १९८४ मध्ये दांडेकर समितीनं अनुशेष मोजला, तरी विदर्भ-मराठवाड्याचं रडगाणं संपलं नाही, आणि विकास मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. पण मोजलं तरी. मोजल्यावर निदान भांडता येतं. शिवाय वाटा कायद्यानं बांधून देता येतो, हे याच तेलंगणानं दाखवलंय. २०१७ च्या विशेष विकास निधी कायद्यात एससी-एसटींचा लोकसंख्येच्या प्रमाणात हिस्सा आहे. गोंड-कोलाम भावांच्या ताटातलं आपल्याला काही नको. आपलं ताट कुठंय, एवढंच विचारायचंय.

तर मागण्या तीन. एक, बजेटासोबत जिल्हावार पत्रक ठेवा: मागच्या वर्षी कबूल किती, सोडले किती, खर्च किती. दोन, मराठी माध्यमाची मंजूर आणि रिकामी पदं मंडलवार जाहीर करा, आणि रिकामं पद भरल्याशिवाय पटाच्या नावाखाली ते हलवू नका. तीन, भाषिक अल्पसंख्याकांच्या शिक्षणासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडा.

राजेहो, मार्चात पोस्टी टाकून काही होत नाही. मार्चात भात शिजून वाढलेला असतो. खात्यांचे प्रस्ताव साधारण दिवाळीच्या आगेमागे तयार व्हायला लागतात, तेव्हा निवेदन कलेक्टर ऑफिसात आणि आमदाराच्या हातात पडलं पाहिजे. त्याआधी माहिती अधिकाराचा अर्ज करा. मंडल पातळीवर फी ५ रुपये, वर १० रुपये. आपल्या मंडलातली मराठी शिक्षकांची पदं किती, भरलेली किती, शाळा दुरुस्तीला पैसे किती आले, एवढंच विचारा. एका मंडलातून एक अर्ज. उत्तर आलं की त्याचा फोटो इथं टाका.

सरकार जिल्ह्याचा रकाना काढत नसेल तर तो आपणच काढू. एकदा आकडे हातात आले की मग "तुमचेच लोक पोरं पाठवत नाहीत" म्हणणाऱ्या साहेबाला तोंडावर विचारता येईल: साहेब, तुम्ही मास्तर कधी पाठवला?