शीघ्र चाचणी आणि वैद्याचा विवेक

पावसाळा सुरू होताच मीरा-भाईंदरमधील चिकित्सालयांत ज्वर, कास व प्रतिश्याय यांचे रुग्ण वाढतात. लोकलच्या गर्दीतून रोज मुंबईस ये-जा करणाऱ्यांच्या या शहरात संसर्ग घरोघरी पोहोचण्यास वेळ लागत नाही. अशा वेळी नाकातील स्राव घेऊन पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देणारी अँटिजेन चाचणी उपयुक्त आहे, यात शंका नाही. पुण्याच्या मायलॅबच्या कोविड-संचास मे २०२१ मध्ये मान्यता मिळाली आणि ही चाचणी औषधी दुकानातून थेट घरात आली.

तथापि, सकारात्मक निष्कर्ष बहुधा विश्वसनीय असला, तरी नकारात्मक निष्कर्षाने रोगाचा अभाव सिद्ध होत नाही. स्रावात विषाणू अल्प असल्यास वा नमुना नीट न घेतल्यास पट्टीवर रेषा उमटत नाही. म्हणूनच २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने लक्षणे असलेल्या नकारात्मक रुग्णाची आरटी-पीसीआर चाचणी करण्यास सांगितले होते.

आधी रोगपरीक्षा, मग औषध, हा चरकसंहितेचा क्रम आहे. पट्टी हे त्या परीक्षेचे केवळ एक साधन होय. धाप लागलेल्या किंवा रक्तातील ऑक्सिजन ९४ टक्क्यांखाली गेलेल्या वृद्धास, पट्टी काहीही सांगो, तत्काळ रुग्णालयात पाठविणे हेच आपले कर्तव्य आहे. इन्फ्लुएन्झावरील विषाणुरोधक औषध पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक गुणकारी ठरते. खोट्या दिलाशात तेच तास निघून जातात.

औषधविक्रेते बंधूंनीही संच देताना एवढे अवश्य सांगावे : रेषा उमटली नाही, तरी त्रास वाढल्यास वैद्यास दाखवा.