खातेवही संगणकात गेल्यावर

पतपेढीची खातेवही किंवा शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर संगणकात गेले, म्हणजे वाळवी आणि ओल यांची चिंता कायमची मिटली, असा अनेक सुजाण गृहस्थांचाही समज असतो. वस्तुतः चिंतेचे केवळ स्थळ बदलते. हार्ड डिस्क हे यंत्र आहे, आणि ते केव्हा ना केव्हा बंद पडावयाचेच.

यावरील उपाय १९८८ साली अमेरिकेत बर्कले येथील विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या त्रयीने एका निबंधात सुसूत्रपणे मांडला. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क जोडाव्यात, आणि एखादी गेली तरी मजकूर राहावा अशी जादा नोंद त्यांत ठेवावी. या रचनेस ‘रेड’ म्हणतात. तिचे प्रकार अनेक असले, तरी आपल्या मंडळींच्या पतपेढ्यांपुढे वाद बहुधा दोहोंचाच असतो.

रेड-१० मध्ये डिस्कच्या जोड्या असतात. जोडीतील दोन्ही डिस्कवर तोच मजकूर. रेड-५ ची युक्ती अंकगणिती आहे. १२, ७ आणि ११ हे आकडे तीन डिस्कवर आणि त्यांची बेरीज ३० चौथीवर लिहिली, असे समजा. सातची डिस्क गेली, तर तिसातून तेवीस वजा करताच तो आकडा परत मिळतो. (प्रत्यक्षात बेरजेऐवजी द्विमान अंकांची निराळी क्रिया असते, तत्त्व तेच.) चार-चार टेराबाइटच्या आठ डिस्कमधून रेड-५ अठ्ठावीस टेराबाइट जागा देते, रेड-१० अवघी सोळा. कार्यकारिणीतील काटकसरी सभासद रेड-५ कडे झुकतात ते यामुळेच.

परंतु सातचे आठ करावयाचे झाले, तर? जुना आकडा वाचा, जुनी बेरीज वाचा, नवा आकडा लिहा, नवी बेरीज लिहा. कामे चार झाली. रेड-१० मध्ये ती दोनच. ग्रंथालयाची सूची क्वचित बदलते, तेथे हा भार जाणवत नाही. पतपेढीत मात्र खिडकीशी रांग असते आणि प्रत्येक भरण्यागणिक नोंदी बदलतात. आजच्या वेगवान एसएसडी घेतल्या, तरी कामांची ही संख्या घटत नाही.

याहून गंभीर बाब निराळीच. रेड-५ मधील डिस्क गेली, की तिच्या जागी बसविलेली नवी डिस्क भरण्यासाठी उरलेल्या सर्व साद्यंत वाचाव्या लागतात. मोठ्या डिस्कना यास कित्येक तास, प्रसंगी दिवसही लागतात. तेवढ्यात दुसरी गेली, तर सगळ्याच खात्यांवर पाणी सोडावे लागते. रेड-१० मध्ये गेलेल्या डिस्कची जोडीदार तेवढी वाचावयाची, आणि नेमकी तीच बंद पडली तरच घात. रेड-६ दोन डिस्कचा आघात सोसते, पण छोट्या नोंदीस सहा कामे घेते. म्हणून चालू खात्यांस रेड-१० आणि जुन्या दप्तरास रेड-६, असे माझे स्पष्ट मत आहे. वाचविलेल्या डिस्कची किंमत ठेवीदारांच्या ठेवींशी ताडून पाहावी.

कारकुनाच्या हातून चुकून एखादे खाते पुसले गेले, तर कोणतीही रेड ते तितक्याच तत्परतेने सर्वत्र पुसते. त्यासाठी रोजची स्वतंत्र प्रत हवी. ती दुसऱ्या इमारतीत ठेवावी, आणि वर्षातून निदान दोनदा ती उघडून एखाद्या सभासदाची शिल्लक तीवरून काढून पाहावी.