शास्त्रीय भाषेचे सोवळे

जे वाचून कळत नाही ते शास्त्रीय, अशी आपल्याकडे एक समजूत रूढ होऊन बसली आहे. ‘मी वात पेटवली’ असे लिहिले की ते बाळबोध. ‘वर्तिकेचे प्रज्वलन करण्यात आले’ म्हटले की विद्वत्तेवर शिक्कामोर्तब! ह्या सोवळ्याशी माझे भांडण आहे. ऐन दिवाळीत भांडण काढले म्हणून वाचकांनी रागावू नये; पहिला दाखला दिव्याचाच देतो.

१८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेने मुलांपुढे सहा व्याख्याने दिली. विषय काय, तर मेणबत्ती! ज्योतीच्या मधल्या काळसर भागात त्याने काचेच्या नळीचे एक टोक धरले आणि दुसऱ्या टोकाशी आलेली वाफ पेटवून दाखवली. ज्योतीत जळते ती मेणाची वाफ, हे पोरांनी डोळ्यांनी पाहिले. विजेच्या शास्त्रात युग घडवणारा हा माणूस. पण ‘मी असे करतो, तुम्ही पाहा’ असे म्हणण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

यावर आमचे पंडित म्हणतील, मग परिभाषा टाकून द्यायची काय? मुळीच नाही! पणतीतले तेल वातीतून वर चढते, त्याला ‘केशाकर्षण’ म्हणतात. हा शब्द एका वाक्याचे काम करतो. तो खुशाल राहू द्या. पण ‘सदर’, ‘प्रस्तुत’, ‘असे आढळून आले आहे’ ही मंडळी कोणते काम करतात? कोणाला आढळले, कितीदा, किती मापून? नेमके तेवढेच ती झाकून ठेवतात.

मध्यंतरी जुलाबांविषयीचे एक आरोग्यपत्रक माझ्या हाती आले. त्यात लिहिले होते, ‘लवण व शर्करा यांच्या योग्य प्रमाणातील द्रावणाचे सेवन हितावह ठरते.’ अहो, योग्य म्हणजे किती? दुकानातली पुडी हाताशी नसली तर आईला हवे असते ते एवढेच: एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. ‘सपाट’ हा शब्द बायकी स्वयंपाकघरातला म्हणून कोणी नाक मुरडू नये. चमचा शिगोशीग भरला तर मीठ वाढते आणि जास्त मीठ लेकराच्या जिवावर बेतू शकते.

१९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून द्यायचे सलाइन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज मापून पुड्या बांधल्या आणि पाण्यात कालवून पाजायचे काम रोग्यांच्या नातलगांवर सोपवले. त्यांच्या देखरेखीखाली मृत्यूचे प्रमाण शेकडा ३.६ पर्यंत उतरले. त्या नातलगांना कोणी ‘हितावह द्रावण’ म्हणून सांगितले असते तर?

पत्रक लिहिणाऱ्या विद्वानांकडे माझी मागणी मोठी नाही. पुढच्या आवृत्तीत ‘हितावह’ खोडावे, आणि तिथे ‘सपाट’ लिहावे.