ठसा हातानेच कोरावा

जुन्या वळणाची वेष्टने, भित्तिपत्रके आणि लग्नपत्रिका यांची सध्या मोठी चलती आहे. संगणकावर अक्षर आखावयाचे, त्याच्या कडा मुद्दाम खडबडीत करावयाच्या, शाई कोठे कोठे लागलीच नाही असे भासवावयाचे. की झाले जुने काम तयार! उल्हासनगरकरांना हा प्रकार नवा नाही. कोऱ्या जीन्सला धुऊन-घासून विटकी कळा आणण्याचा उद्योग तेथे वर्षानुवर्षे चालला आणि त्याचे रंगीत पाणी वालधुनीने सोसले. संगणकावरच्या विटकेपणाने नदी नासत नाही, हे खरे. पण विद्यार्थ्याच्या हाताला त्यातून काही मिळतही नाही.

वास्तविक हाच परिणाम साधणारा लिनोचा ठसा अल्प खर्चात होतो. जवसाचे तेल आणि बुचाची पूड तागाच्या कापडावर बसवून केलेले लिनोलियम एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जमिनीवर अंथरण्यासाठी निघाले. त्याला लाकडासारखे रेषे नसल्याने कोरणी कोणत्याही दिशेने चालते. शाळकरी हातांना ते मानवते. म्हणून ते पोरखेळाचे माध्यम ठरत नाही. दांडीयात्रेतील गांधीजींची नंदलाल बोस यांनी १९३० साली केलेली प्रतिमा लिनोवरचीच. चित्तप्रसाद यांनी तर अंधेरीला राहून कष्टकरी मुलांचे जिणे लिनोवर कोरले.

देवनागरी अक्षर कोरणे ही स्वतंत्र परीक्षाच आहे. ठशावर सारे उलटे येते. शिरोरेघ डोक्यावरच राहते, पण ऱ्हस्व वेलांटी दीर्घाच्या जागी जाऊन बसते आणि भल्याभल्यांचा गोंधळ उडतो. (शुद्धलेखनाच्या शिक्षकांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा!) शिवाय जे छापावयाचे ते राखून भोवतालचे काढावयाचे असते, आणि एकदा निघालेला कपचा परत बसत नाही. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा शिलालेख कोरणाऱ्यालाही ही मुभा नव्हती. संगणकावर मात्र एक कळ दाबली की चूक नाहीशी होते. हात उचलण्यापूर्वी विचार करण्याची गरज उरत नाही.

मुलांच्या हाती धारदार कोरणी कशी द्यावी, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. ठसा धरणारा हात नेहमी कोरणीच्या मागे हवा आणि हे पाहावयास चित्रकलेचा शिक्षक वर्गात हवा. घोडे अडते ते येथेच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभरांहून अधिक मुले असलेल्या शाळेला कलाशिक्षक सांगितला, पण तोही अंशकालीन! रेखाकला परीक्षांच्या वाढीव गुणांवर पालकांचे लक्ष असते. शिक्षकाच्या जागेबद्दल मात्र कोणी विचारीत नाही.

उल्हासनगरची महानगरपालिका आणि अंबरनाथ व कुळगाव-बदलापूरच्या नगरपरिषदा यांनी आपल्या क्षेत्रातील निदान काही शाळांत हा उपक्रम सुरू करावा. कोरण्या, रूळ एकदा घेतले की वर्गावर्गांतून फिरविता येतात. छाप उठविण्यास यंत्र नको, चमच्याची पाठ पुरते. दरसाल लागावयाचा तो लिनो, शाई आणि कागद. एवढा खर्च अंदाजपत्रकात बसू नये, इतक्या या संस्था खचितच दरिद्री नाहीत.