दुधाच्या घोटाआधी चार ओळी

प्रति,
संचालक, ॲक्ट्रेक, टाटा स्मारक केंद्र,
खारघर, नवी मुंबई



रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांसाठी मर्कॅप्टोप्युरिनचे पातळ औषध तुमच्या संस्थेने बंगळुरूच्या आयडीआरएस लॅब्जसोबत तयार केले. २०२५ मध्ये ‘प्रीव्हॉल’ नावाने ते बाजारात आले. त्याबद्दल मनःपूर्वक अभिनंदन. पन्नास मिलिग्रॅमची गोळी रोज तोडायची, चमच्यात चुरायची आणि अंदाजाने पाजायची, हे करणाऱ्या आईला या बाटलीचे मोल सांगावे लागत नाही. पस्तीस मिलिग्रॅमसाठी गोळीचे तुकडे कसे पाडणार? आता एका मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम. पिचकारी साडेतीनच्या रेघेपर्यंत भरली की झाले.

पण मोजून पाजलेले औषध मोजून रक्तात जातेच असे नाही. आतडी आणि यकृत या औषधाचा मोठा भाग वाटेतच मोडून टाकतात. जुन्या अभ्यासात सरासरी १६ टक्केच रक्तात पोहोचले. कुणात ५, तर कुणात ३७. ज्या झँथिन ऑक्सिडेज या विकरामुळे (एन्झाइममुळे) औषध असे मोडते, ते दुधातही असते. आणि आपल्याकडे कडू औषधावर दुधाचा घोट ठरलेला!

युरोपात अशाच पातळ औषधाला २०१२ मध्ये मान्यता मिळाली. त्यासाठी ६० निरोगी प्रौढांना गोळी आणि पातळ औषध देऊन रक्त तपासले गेले. एकूण शोषण सारखे भरले, पण पातळ औषधाचा रक्तातला उच्चांक गोळीपेक्षा ३९ टक्क्यांनी वर गेला. म्हणून एकावरून दुसऱ्यावर जाताना रक्ततपासणीवर जास्त लक्ष ठेवायला तिथे सांगतात. खारघरहून गावी परतलेल्या घरात बाटली संपली आणि दुकानात गोळीच मिळाली, तर हे कोण सांगणार?

म्हणून एक विनंती. शोषणाविषयी तुमच्या हाती असलेले निष्कर्ष सोप्या मराठीत सर्वांसमोर मांडा आणि प्रत्येक बाटलीसोबत मोठ्या अक्षरांतला मराठी कागद जाईल असे पाहा. असा कागद आधीच असेल, तर तो गावच्या डॉक्टरांपर्यंत आणि औषध दुकानदारापर्यंतही जाऊ द्या. चार ओळी पुरे:

बाटली नीट हलवा.
चमच्याने नको, पिचकारीनेच मोजा.
दुधाच्या एक तास आधी किंवा दोन तास नंतर द्या.
गोळी आणि पातळ औषध यांची अदलाबदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

आपला,
नवी मुंबईतील एक नागरिक