मोरजीचे पतंग आणि सर्वांचा किनारा

गोव्याच्या पेडणे तालुक्यात मोरजी आणि आश्वे येथील किनाऱ्यावर हिवाळा सरता सरता दुपारचा वारा धरू लागतो आणि आकाशात रंगीबेरंगी पतंग दिसू लागतात. हे संक्रांतीचे कागदी पतंग नव्हेत. नऊ-बारा चौरस मीटर कापडाचा, कडेच्या नळीत हवा भरलेला हा पतंग वीस-पंचवीस मीटर लांबीच्या दोऱ्यांनी स्वाराच्या कमरपट्ट्याला जोडलेला असतो आणि पायाखालच्या फळीवरून तो स्वार लाटा कापीत जातो. फ्रान्समधील लेगेन्यू बंधूंनी १९८४ साली फुगवता येणाऱ्या पतंगाच्या एकस्वासाठी अर्ज केला, तेव्हा या खेळाला कोणी विचारीत नव्हते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो मार्सेयच्या समुद्रात खेळला गेला. गोव्याच्या किनाऱ्यावर काइटबोर्डिंग आले, यात वावगे काही नाही. त्याला इंजिन नाही, धूर नाही, गोंगाट नाही. जलस्कूटरपेक्षा हा पाहुणा केव्हाही सभ्य म्हटला पाहिजे.

तथापि हा पाहुणा जागा फार घेतो. पतंग उडविताना किंवा उतरविताना चूक झाली, तर वारा स्वाराला वाऱ्याच्या दिशेने फरफटत नेतो आणि ताणलेली दोरी मध्ये येणाऱ्याला सुरीसारखी कापू शकते. समुद्रावरून थेट किनाऱ्याकडे वारा असेल, तर स्वार आणि माडांची रांग यांच्यामध्ये सावरायला अवकाशच उरत नाही. म्हणून वाऱ्याच्या खालच्या अंगाला दोरीच्या किमान दुप्पट अंतर मोकळे ठेवावे, जाणकार मदतनीसाशिवाय पतंग उचलू नये, संकटात पतंगाची ओढ तत्काळ तोडणारी कळ दर वेळी तपासून घ्यावी, हे या खेळाचे प्राथमिक पाठ आहेत. चांगले शिक्षक ते घोकून घेतात. प्रश्न दोन दिवसांत शिकून तिसऱ्या दिवशी पोरे खेळत असलेल्या वाळूवर पतंग पसरणाऱ्यांचा आहे.

वाळू रिकामी दिसते म्हणून ती रिकामी असते काय? मोरजीच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते. होडीने समुद्रात अर्धवर्तुळ करून टाकलेल्या जाळ्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर माणसे हातांनी ओढतात. त्या घेरात फळी शिरली, तर मासे आणि दिवस दोन्ही जातात. शापोरा नदीच्या मुखाशी वाळूच्या पट्ट्यावर कुरव, सुरय आणि चिखले विसाव्याला उतरतात. डोक्यावरून सरकणारी मोठी आकृती त्यांना शिकारी पक्ष्यासारखी भासते आणि सारा थवा उठतो. दूरच्या प्रवासाची शिदोरी साठविणाऱ्या पक्ष्याला असे वारंवार उठणे महागात पडते. शिवाय ऑलिव्ह रिडले कासवे आहेत. त्यांच्या विणीमुळेच किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांचा नावानिशी उल्लेख आला. नोव्हेंबरपासून मादी रात्री वर येऊन अंडी घालते, दीड-दोन महिन्यांनी पिले निघतात. म्हणजे वाऱ्याचा हंगाम आणि पिलांचा हंगाम एकमेकांवर येतात. कासवांना पतंगांपेक्षा उपाहारगृहांचे दिवे अधिक घातक, हेही येथेच नमूद केले पाहिजे. पण म्हणून जाळीने राखलेल्या घरट्याशेजारी पतंग आपटण्याची मुभा मिळत नाही.

किनारा सर्वांचा, हे तत्त्व जुने आहे. वायू, वाहते पाणी, समुद्र आणि म्हणून समुद्रतीरही सर्वांच्या सामाईक मालकीचे, असे सहाव्या शतकात जस्टिनियनच्या संहितेने सांगितले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली कमलनाथ खटल्यात तोच धागा उचलून शासन हे अशा संपत्तीचे केवळ विश्वस्त आहे, असा निर्णय दिला. १९९१ च्या किनारा अधिसूचनेत तर दोन हॉटेलांमध्ये लोकांना किनाऱ्यावर जाण्यासाठी किमान २० मीटर रुंदीची वाट सोडण्याची अट होती. कागदावरची ही वाट प्रत्यक्षात शोधून काढावी लागते, हा अनुभव गोवेकरांना नवा नाही. अशा वेळी एक गंभीर अपघात पुरेसा होतो. प्रशासनाला सोपा उपाय एकच ठाऊक असतो : बंदीचा फलक. फलक लागला की खेळ जातो, मग सुरक्षेच्या नावाखाली कुंपण येते आणि कुंपणाआड कोण बसणार हे सांगण्याची गरज नाही. आगाऊ स्वाराच्या हलगर्जीची किंमत रापणकाराने आणि संध्याकाळी फिरायला येणाऱ्या शिक्षकाने मोजावी, हा न्याय नव्हे.

वस्तुतः येथे तडजोड कठीण नाही. वारा स्वभावतः दुपारीच जोर धरतो. सकाळ रापणीला आणि पोहणाऱ्यांना मोकळी ठेवता येईल. पतंग उचलण्याची व उतरविण्याची जागा खुणा करून ठरविता येईल, नदीमुखाची पट्टी आणि घरट्यांचा भाग त्यातून वगळता येईल. मात्र हे सारे हंगामाआधी व्हायला हवे. पाऊस ओसरल्यावर, पहिले कासव वाळूवर चढण्याच्या आत, पंचायत, वन खाते, रापणकार आणि या खेळाचे शिक्षक यांनी एका चटईवर बसून हा नकाशा आखावा. अपघातानंतर हीच बैठक जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत होईल, आणि तेथे रापणकारांना खुर्ची मिळेलच असे नाही.