शिंदे, शेंडे आणि सावंत : कॉम्प्युटरला तिघे एकच का वाटतात?

आधारवर 'संगीता' हे नाव इंग्रजीत एका 'आय'ने लिहिलेलं आणि पासबुकात दोन 'ई' वापरून. अर्ज भरताना स्क्रीनवर लाल अक्षरं येतात : नाव जुळत नाही. मग नोटरी, प्रतिज्ञापत्र, काहींना तर थेट राजपत्रात नावबदल. खरं तर नाव बदललेलंच नसतं!

दोन नावं 'जवळपास सारखी' आहेत का, हे ओळखायची सूत्रं शंभर वर्षांहून जुनी आहेत. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्ये 'साउंडेक्स' पद्धतीचं पेटंट घेतलं. पुढे तिथल्या जनगणनेच्या नोंदींमध्ये आडनावं शोधायला ती वापरली गेली. नियम सोपे आहेत. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर गाळायचे, सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. तीन आकडे भरले नाहीत तर शेवटी शून्य.

आता 'शिंदे' इंग्रजीत लिहून बघा. 'एस' राहतो, 'एच' गळतो, 'एन'ला ५, 'डी'ला ३. कोड झाला एस५३०. 'शेंडे'चा कोड? एस५३०. 'सावंत'? तोही एस५३०. पाटील आणि पटेल दोघेही पी३४०. उलट 'वाघमारे' कुणी 'व्ही'ने लिहितं, कुणी 'डब्ल्यू'ने. पहिलं अक्षरच वेगळं, म्हणून एकाच घरातले दोन भाऊ साउंडेक्सच्या लेखी परके ठरतात.

यात साउंडेक्सचा दोष नाही. ते इंग्रजी वळणाच्या आडनावांसाठी बनलं. त्यात 'टी' आणि 'डी' एकाच आकड्यात बसतात, म्हणजे आपले ट-ठ-ड-ढ आणि त-थ-द-ध असे आठ वर्ण एकाच डब्यात. पण ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये हे फंक्शन आजही तयार मिळतं. तयार मिळालेली वस्तू वापरायचा मोह कुणाला होत नाही?

दुसरं प्रसिद्ध सूत्र सोव्हिएत गणितज्ञ व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांचं, १९६५ चं. एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती अक्षरं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतील, ते मोजायचं. इंजिनीअरिंगला आम्ही हा प्रोग्रॅम परीक्षेपुरता घोकला होता; मराठी नावांवर चालवून बघायला कुणी सांगितलं नव्हतं. चालवला की गंमत दिसते. 'संगीता'च्या त्या दोन इंग्रजी स्पेलिंगमधलं अंतर २. 'आय'वाली संगीता आणि 'सुनीता' यांच्यातलं अंतरही २! एकीला पास करणारी मर्यादा दुसरीलाही पास करणार.

हीच नावं देवनागरीत तपासली तर? 'संगीता' आणि 'संगिता' यांत फरक फक्त वेलांटीचा. शिंदे आणि शेंडे सरळ वेगळे दिसतात. वाघमारेंचा 'व' एकच. ह्रस्व-दीर्घ एक मानायचं, अनुस्वार आणि 'न्' एक मानायचे (शिंदे, शिन्दे), एवढ्या दोन-तीन नियमांत बरंच काम होतं. अडचणी इथेही आहेत. 'ॲ' हे अक्षर एका कोडने टाइप होतं आणि 'अ'वर चंद्र देऊन दोन कोडनेही. डोळ्याला फरक कळत नाही, मशीनला कळतो. पण तो आधी एकसारखा करून घेता येतो. तरीही आपण मराठी नाव आधी इंग्रजीत मोडतो आणि मग मोडलेले तुकडे जुळवत बसतो, हे मला उलटं वाटतं.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. लेव्हेनश्टाइनचं सूत्र 'हो' किंवा 'नाही' म्हणत नाही. ते अंतर सांगतं. कुठे थांबायचं, ते माणूस ठरवतो. पॅन-आधार जोडणीत आयकर विभागाने किरकोळ फरकासाठी ओटीपीची वाट ठेवली होती. नाव पूर्ण वेगळं असेल तरच दुरुस्ती करायला सांगितलं होतं. हाच नियम सगळीकडे का नको? थोडा फरक असेल तर ओटीपी घ्या, जन्मतारीख ताडून बघा, नाहीतर कर्मचाऱ्याने कागद पाहावा. नोटरीचा खर्च आणि बुडालेला रोज अर्जदाराने का सोसायचा? आणि किती फरक पडला, कोणत्या अक्षरात पडला, हे तरी स्क्रीनवर दिसायला हवं.

यात आता आणखी एक बदल आला आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव हा क्रम राज्याने ठरवला आहे. ही मुलं २०३० च्या सुमारास पहिलीत जातील. त्यांच्या नावात चार शब्द, आई-वडिलांच्या जुन्या कागदांवर तीन. शब्द शब्दाशी क्रमाने जुळवणारा प्रोग्रॅम मुलाच्या आईचं नाव वडिलांच्या नावाशी ताडून बघेल आणि पुन्हा तीच लाल अक्षरं दाखवेल. प्रवेशाचे अर्ज सुरू होण्याआधी हा क्रम प्रोग्रॅमला शिकवायला पुरेसा वेळ आहे.